चारला पाच

फलकावर ५० हा आकडा लाल दिव्यांत उमटला आणि त्याच्याखाली तोंड वाकडं केलेला एक गोल चेहरा. मी गाडीच्या काट्याकडे बघितलं. काटा चाळिसावर होता. शाळेच्या भिंतीपाशी हा फलक नवाच लावलेला दिसत होता. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा वेग तो मोजतो आणि चारचौघांत सांगून टाकतो. रविवारची सकाळ, शाळा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला कुणी अडवलं नाही, शिट्टी वाजली नाही. तरी मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मागून एक सायकलवाला आला. त्याला फलकाने चौदा दिले, वर हसरा चेहरा दिला, तो मान डोलावत खुशीत पुढे गेला. माझा आकडा तोवर विझला होता. पण तो विझून काय उपयोग, मी वाचला होता.

गाडी बाबांची आहे. गोल दिव्यांची, गडद हिरवी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गेले नऊ महिने ती चालवायला कुणी नाही, म्हणून दर रविवारी मी आईबाबांकडे येते आणि तिला अर्धा तास फिरवून आणते. बॅटरी उतरू नये एवढाच हेतू. बाबांना बरं वाटावं म्हणून, असं सुरुवातीला म्हणायचे, पण बाबा आता खिडकीशीसुद्धा येत नाहीत. किल्ली आई देते. परत आले की आई विचारते, "चालली ना नीट?" मी म्हणते, "चालली." आणि ती चालते नीटच. जन्मात कधी चालली नाही इतकी नीट, गुपचूप, लोण्यासारखी चालते. तिचा मागचा ॲक्सल तिचा नाही, हे तिच्यावरून कुणाला कळणार नाही. मला कळतं, मिस्त्रीला कळतं, आणि आता या फलकाला कळलं.

ॲक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी नळा. त्याच्या मधोमध लहान भोपळ्याएवढा डबा असतो, डब्यात दातेरी चक्रं. इंजिनाकडून येणारा लांब दांडा तिथे आपली फिरकी चाकांच्या हवाली करतो. आमच्या गाडीतला तो डबा दोन वर्षं रडत होता. मी कानांच्या दवाखान्यात काम करते. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानाला यंत्र लावायचं आणि सांगायचं, ऐकू आलं की बटण दाबा. पंधरा वर्षं हेच करतेय, त्यामुळे बारीकसारीक सूर माझ्या कानातून सुटत नाहीत. मागच्या सीटखालून येणारा तो किनरा हुंदका मला पहिल्या दिवशी ऐकू आला. बाबा म्हणाले, "कसला आवाज? मला तर काही नाही ऐकू येत." ते खोटं बोलत नव्हते. बाबांचे कान नेमके त्या सुरापाशी संपतात, ते मीच मोजलेलं आहे. गंमत अशी की मोजायला बसले तेव्हा त्यांनी एकदाही उगाच बटण दाबलं नाही. सगळे दाबतात. ऐकू येत नाही हे कबूल करायची लाज वाटते, म्हणून अंदाजाने दाबतात, आणि मला ते काचेतून दिसतं. बाबा मात्र हात मांडीवर ठेवून शांत बसले होते. ऐकू आलं नाही तर नाही.

ते वजनंमापं तपासणारे निरीक्षक होते. चौतीस वर्षं. दुकानात शिरायचे, सोबत लाकडी पेटी, पेटीत मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं, सरकारी शिक्क्याची. ती वजनं ते कापडाने धरायचे, बोटांचा घामसुद्धा लागू द्यायचे नाहीत. लहानपणी मी एकदा साखरेची पुडी हातात तोलून म्हणाले होते, बाबा, ही कमी वाटते. ते म्हणाले, "हाताला काय कळतं? हात आपल्याला हवं ते सांगतो. काट्याला ओळखीचं कुणी नसतं." पुडी खरोखरच कमी भरली, पण त्याचं श्रेय मला मिळालं नाही, काट्याला मिळालं. घरात तेच. ताप हात लावून बघायचा नाही, थर्मामीटर लाव. पाऊण तास झाला म्हणू नको, घड्याळ बघ. आई कधीकधी वैतागून म्हणायची, "भूक लागली का ते तरी पोटाला विचारून सांगता, की तेही घड्याळाला?" त्यावर ते मनापासून हसायचे आणि घड्याळ बघायचे. गाडीही ते अशीच चालवायचे. गावात चाळीस. चाळीस म्हणजे चाळीस, एकोणचाळीस नाही की एक्केचाळीस नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव दिला तरी काटा तसूभर हलायचा नाही. लाजेने मी सीटवर खाली घसरायचे.

मग गेल्या वर्षी चढावर डब्यात काहीतरी कडाडलं आणि गाडी जागच्या जागी गुरगुरत राहिली. मिस्त्रीने डबा उघडून मला तुटलेले दात दाखवले. हा मिस्त्री आमच्या गाडीचा जुना वैद्य. बोलतो हळू, पण त्याच्या बोलण्यात फोलपट नसतं. तो म्हणाला, हा ॲक्सल आता कुणी बनवत नाही, मोडीत बघावं लागेल. बाबांनी एकच अट घातली. "तोच हवा. दुसऱ्या कुठल्या गाडीचा नको. एका तराजूचं पारडं काढून दुसऱ्याला लावलं की दोन्ही तराजू खोटे होतात." दादा दूरदेशी असतो, तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. तो म्हणाला, विकून टाका ते डबडं. हे ऐकल्यावर तर मला चेवच आला. मी तीन महिने मोडीची दुकानं पालथी घातली. दवाखाना सुटला की तेलाने माखलेल्या ढिगांतून हिंडायचे, नंबर लिहिलेली चिठ्ठी मुठीत. आणि रोज संध्याकाळी बाबांचा फोन. "लागला का काही पत्ता?" नाही, बाबा. "बरं. मिळेल." त्या "बरं"ने माझा जीव मेटाकुटीला यायचा. रागावले असते तर परवडलं असतं.

मिस्त्रीच म्हणाला, "ताई, त्याच कंपनीची पुढची मोठी गाडी होती ना, तिचा ॲक्सल आहे एक. रुंदी तंतोतंत. स्प्रिंगचे पाटे बसतात, ब्रेक बसतात. बाहेरून बघितलं तर फरक नाही." दुधाची तहान ताकावर, असं म्हणून मी हो म्हटलं. त्या आठवड्यात बाबांच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, ते डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पडून होते. मी उशाशी बसले. खरं सांगायलाच बसले होते, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवायला हवं. पण त्यांनी एका डोळ्याने माझ्याकडे बघत विचारलं, "मिळाला?" आणि त्या एका डोळ्यात इतकी आशा होती की माझ्या तोंडून गेलं, "मिळाला, बाबा. तोच." त्यांनी माझा हात हातात घेतला. "दुसऱ्या कुणाला जमलं नसतं," म्हणाले. "तुझा दादा तर दुसऱ्या दिवशीच हात वर करून बसला असता." मी ते कौतुक घेतलं. ओंजळ पुढे करून घेतलं. चाळिशी उलटलेली बाई मी, आणि बापाने भावापेक्षा मोठी म्हटलं म्हणून घरी जाताना गाणं गुणगुणत होते.

गाडी आणायला गेले तेव्हा मिस्त्री हात पुसत म्हणाला, "एक ध्यानात ठेवा ताई. जुन्याच्या चक्राला एक्केचाळीस दात होते आणि पिनियनला, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या छोट्या चक्राला, आठ. याच्या पिनियनला दहा आहेत. म्हणजे इंजिन तेवढंच फिरेल पण चाक जास्त फिरेल. आणि तुमचा काटा चालतो गिअरबॉक्सवर, त्याला चाकाची खबर नाही. तो कमी दाखवणार. चारला पाच धरा. चाळीस दिसलं की पन्नास. गिअरबॉक्समध्ये एक छोटं चक्र बदललं की काटा खरा होईल, मी मागवतो, पंधरा दिवसांत येईल. तोवर काचेवर चिठ्ठी चिकटवू का?" मी म्हटलं, "चिठ्ठी नको." चिठ्ठी वाचून बाबांनी पहिलं काय विचारलं असतं ते मला माहीत होतं. त्यांना दातांची गोष्ट दोन मिनिटांत कळली असती. चक्र आलं की गुपचूप बसवून घेऊ, असं मी ठरवलं. चक्र पंधरा दिवसांत आलं. मिस्त्रीने फोन केला. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात आणते. गाडी दोन दिवस ठेवावी लागणार होती आणि बाबांना कारण काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. मग पुढचा आठवडा, मग त्याच्या पुढचा. मग मी विसरले.

मी विसरले. गेले नऊ महिने मी स्वतःला हे वाक्य सांगतेय आणि ते इतक्यांदा सांगून झालंय की गुळगुळीत झालंय. आज त्या फलकासमोर बसून मी ते पुन्हा म्हणून बघितलं. जमलं नाही. काचेच्या खोलीतली माणसं अंदाजाने बटण दाबतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते आरशात, म्हणजे गाडीच्या छोट्या आरशात, माझ्या चेहऱ्यावर होतं. विसरलेल्या माणसाला आकडा बघून धक्का बसला असता. मला धक्का बसला नव्हता. मला फक्त पकडल्यासारखं झालं.

पट्टी निघाली, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि बाबा गाडी घेऊन निघाले. पहिल्या दिवशी मी शेजारी बसले होते. "बघ," ते म्हणाले, "मूळचा तो मूळचा. कशी चालतेय." काटा चाळीसवर. इंजिनाचा आवाज चाळीसचा, तीस वर्षांत त्यांच्या तळपायाला पाठ झालेला. सगळं चाळीसचं होतं, फक्त बाजूची झाडं पन्नासने पळत होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आज झाडं फार लवकर जातात गं." मी म्हटलं, "डोळे नवीन आहेत, बाबा." डॉक्टरही तेच म्हणाले होते, नवीन भिंगं आहेत, सवय व्हायला वेळ लागेल. मला आयतंच मिळालं. बाबा मान हलवत म्हणाले, "हो, तसंच असेल." आणि त्यांनी पुन्हा काट्याकडे बघून खात्री करून घेतली. आई मागून म्हणायची, "अहो, हळू चालवा जरा." ते नुसतं बोट काट्याकडे दाखवायचे. आईला तिथे बोलायला जागाच नव्हती.

आणि ते दहा आणि आठ. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही, मनातसुद्धा ते आलं की मी दुसरीकडे बघते. बाबा डोळ्यांच्या दवाखान्यात जायचे तेव्हा निघताना आणि पोचल्यावर काट्याखालचे किलोमीटरचे आकडे बघायची त्यांना सवय. घर ते दवाखाना दहा किलोमीटर, कैक वर्षं. एका संध्याकाळी त्यांनी फोन केला. आवाज बारीक होता. "अगं, दवाखाना दहाच होता ना आपल्याकडून? आज आठ भरले. जाताना आठ, येतानाही आठ." मी तेव्हा भाजी चिरत होते. सुरी थांबली, ते मला स्पष्ट आठवतं. मला सगळं एका क्षणात समोर दिसलं, आठ दात, दहा दात, मिस्त्रीचा तेलकट हात. तो क्षण देवाने माझ्या ताटात वाढून ठेवला होता. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, एक गोष्ट सांगायची राहिली. त्याऐवजी मी म्हणाले, "आठच आहेत, बाबा. पहिल्यापासून आठच. तुमचं काहीतरी चुकत असेल." मग ते म्हणाले, "असं होय." मी उरलेली भाजी चिरली.

काट्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने मग काय करायचं? काटा खरा, मुलगी खरी, म्हणजे खोटं असेल ते एकच उरतं. दहा दिवसांनी पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गाडी मागून घसरली आणि कठड्यावर आदळली. ते वळण बाबा तीस वर्षं ब्रेक न लावता चाळीसने घेत आलेले. त्या दिवशीही त्यांनी चाळीसनेच घेतलं. आईचं मनगट मोडलं. मी पोचले तेव्हा बाबा कठड्यावर बसले होते, आईचा हात स्वतःच्या हातावर तोलून धरलेला, कापडाने पितळी वजन धरायचे तसा. माझ्याकडे बघून म्हणाले, "काटा बघत होतो मी. चाळीसच होता." तिथे मला दुसरी संधी होती. पण आई कण्हत होती, लोक जमले होते, आता ही वेळ नाही, असं मी म्हटलं. वेळ नाही हे कारण फार बरं असतं. घरी आल्यावर त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती. दादा फोनवर मागणार होता, पण त्याच्याआधीच त्यांनी ठेवली. "माझा अंदाज गेला," ते म्हणाले. "आता माझ्या हातात गाडी नको."

गाडीचं सोडा. माणूस एकेक गोष्ट हातातून ठेवत गेला. रस्ता ओलांडताना उभे राहतात, दोन्हीकडे मोकळं असलं तरी. आई मनगटाला पट्टा बांधलेल्या हाताने त्यांचा हात धरते तेव्हा निघतात. चहात दूध ओतताना विचारतात, "एवढं पुरे?" पन्नास ग्रॅमची तूट नजरेने हेरणारा माणूस. वर्तमानपत्रातलं गणिताचं कोडं सोडवायचे, ते सोडलं. मेंदूच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. बाबांनी सगळं बरोबर केलं आणि वर विचारलं, "बरोबर आहे का हे? मला खात्री नाही." डॉक्टर म्हणाले, वय झालं की आत्मविश्वास कमी होतो. मी मान डोलावली. गाडी ठोकून सरळ केली तेव्हा मिस्त्रीने हळूच विचारलं, "ताई, काट्याचं ते चक्र कुठे दुसरीकडे बसवून घेतलंत ना?" मी म्हटलं, "हो." तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला आणि पाना पुसायला लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार झाली होती.

मी किती वेळ तिथे बसले होते कुणास ठाऊक. फलक मधूनमधून पेटत होता, येणाऱ्याजाणाऱ्यांचे हिशेब देत होता. मला वाटलं होतं की मी बाबांपासून ॲक्सल लपवला. ॲक्सल काय, एक लोखंडाचा तुकडा. ते चिडले असते, चार दिवस बोलले नसते, पाचव्या दिवशी स्वतःच गाडीखाली वाकून दात मोजायला बसले असते. मी त्यांच्यापासून त्यांनाच लपवलं होतं. ते बरोबर होते. झाडं खरंच लवकर जात होती, दवाखाना खरंच दहावर होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काट्यापेक्षा स्वतःच्या अंगाला काय वाटतं ते बोलून दाखवलं, आणि ते खरं होतं, आणि मी म्हणाले, तुमचं चुकत असेल. मी खिडकी खाली केली, मग गाडी सुरू केली आणि काटा बत्तिसावर ठेवून, म्हणजे खऱ्या चाळीसने, घरी आले.

बाबा मागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, चष्मा कपाळावर. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगायला सुरुवात केली. कुठून सुरुवात करायची ते रस्त्यात ठरवलं होतं, पण तोंड उघडल्यावर सगळं एकदमच आलं, मोड, मिस्त्री, आठ दात, दहा दात. "बाबा, ॲक्सल तो नव्हताच. काटा खोटा होता. तुमचा अंदाज बरोबर होता." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस," ते म्हणाले. "कळतं मला."

"नाही हो बाबा. खरंच सांगतेय."

"तू चांगली आहेस गं. पण असं खोटं बोलू नये. माझं झालंय वय, त्यात काय एवढं."

याची मी तयारी केली नव्हती. शिव्या, अबोला, रडणं, सगळ्याची केली होती. पण माझी चोरी त्यांच्यापुढे ठेवली तर त्यांनी ती माझा चांगुलपणा म्हणून परत माझ्या पदरात घातली. त्या हाताखाली माझं डोकं जड झालं. मी उठले. "चला," म्हटलं, "मोजून दाखवते." मोजून म्हटल्यावर ते उठले. जुनी सवय. बाहेरच्या तीन पायऱ्या माझा हात धरून उतरले, प्रत्येक पायरीवर थांबून.

मी पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागचं एक चाक जॅकवर उचललं, गिअर मोकळा केला. मग चाकावर खडूची एक रेघ आणि मधल्या दांड्यावर खडूची एक रेघ. बाबांसाठी बुटकं स्टूल आणलं, हातात टॉर्च दिला. त्यांना पद्धत माहीत होती. एक चाक जमिनीवर असलं की उचललेलं चाक दोनदा फिरवायचं. तेवढ्यात दांडा किती वेळा फिरतो तेवढं त्या ॲक्सलचं प्रमाण. "मूळचा असेल तर पाच आणि थोडं," मी म्हटलं. "एक्केचाळीस भागिले आठ," ते म्हणाले, आपणहून. मी चाक धरून सावकाश फिरवायला लागले. एक फेरा. दोन. टायर थंड होता आणि माझे हात काळे झाले. ते वाकून बघत होते, ओठ हलत होते.

मी थांबले. "किती झाले?"

त्यांनी टॉर्च विझवला. "मला चार दिसले."

"म्हणजे झालंच की, बाबा!"

"मला दिसले चार," ते म्हणाले. "पण माझ्या मोजण्याचं काय धरायचं? तुझ्या आईला बोलाव. तिला मोजू दे."

आता माझ्या तोंडून हुंदका फुटला, चांगला मोठा. आई तो ऐकूनच बाहेर आली. काय चाललंय म्हणाली, कुणी नीट सांगेना. बाबा म्हणाले, "बस इथे. ही रेघ दिसते? किती वेळा खाली येते तेवढंच सांग." आईने पदराने डोळ्यांवर सावली धरली. मी पुन्हा चाक फिरवलं. आई मोठ्याने मोजत होती, लहान मुलीसारखी, "एक... दोन... तीन... चार." मी थांबले. "चार. आणि वर जरासं, बोटभर," आई म्हणाली. "का हो? किती यायला हवे होते?"

हलकेच बाबांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. नऊ महिन्यांत मी ते बघितलं नव्हतं. "आठ आणि दहा," ते म्हणाले. "शंभरातले वीस काटा खातो. वीस टक्के तूट. असलं माप मी जागेवर जप्त केलं असतं." मग आईकडे वळले. "त्या वळणावर मी पन्नासवर होतो गं. तू म्हणत होतीस हळू चालवा. मी तुला काटा दाखवला." आईने पट्टा बांधलेलं मनगट दुसऱ्या हाताने चोळलं. "मरू दे ते," म्हणाली. "माझा हात काय, बरा झाला." पण ती माझ्याकडे बघत होती. आईने पन्नास वर्षांचा संसार केलाय. कुठे काय सांडलंय ते तिला भांडं न बघता कळतं.

"तुला कधी कळलं हे?" बाबांनी विचारलं.

आज सकाळी. दोनच शब्द होते आणि त्यांच्यामागे भक्कम पुरावा होता. शाळेच्या भिंतीपाशी फलक होता, लाल दिवे होते, हवं तर मी त्यांना नेऊन दाखवू शकले असते. मिस्त्रीने फसवलं म्हटलं असतं तरी खपलं असतं; तो बिचारा कशाला येतोय सांगायला. शब्द जिभेच्या टोकावर होते. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि त्या डोळ्यांत, शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा, समोरच्याची पारख करणारी ती जुनी नजर होती.

"बसवला त्याच दिवशी," मी म्हटलं. "मिस्त्रीने सांगितलं होतं. चारला पाच धरा म्हणाला होता. तुम्ही दवाखान्याचे आठ भरले म्हणून फोन केलात, तेव्हाही मला माहीत होतं, बाबा."

आईने तोंडावर हात ठेवला. बाबांनी टॉर्च स्टुलाखाली नीट उभा ठेवला, आडवा होऊन घरंगळू नये म्हणून. मग जमिनीकडे बघत बोलायला लागले.

"चौतीस वर्षं मी दुकानांतून फिरलो. खोटं वजन सापडलं की आधी एकच प्रश्न विचारायचो. हे तुम्हाला माहीत होतं का? नाही म्हणायचे सगळे. शपथा घ्यायचे, पोरांच्या डोक्यावर हात ठेवायचे. नाही म्हटल्यावर काय करायचं ते ठरलेलं होतं, ते मी करायचो. पण हो, माहीत होतं, असं कधी एकही जण म्हणाला नाही. त्यामुळे त्याला काय करायचं ते मला कुणी शिकवलंच नाही."

मी हात पुढे केला. काळा झालेला, तरी केला. त्यांनी तो बघितला, आणि मडगार्डला धरून स्वतःच उभे राहिले. आई सवयीने पुढे झाली, त्यांनी तिलाही मानेनेच नको म्हटलं. तिन्ही पायऱ्या ते एकटे चढले, मध्ये न थांबता, आणि मागे न बघता आत गेले.